इंग्रजीची बाई व्हायचे तर

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात येणाऱ्या साप्ताहिकात कृषी खात्याच्या माणसाने लिहायचे म्हणजे खत, बियाणे, कीड-रोग यांवर लिहायचे, असा एक रिवाज आहे. तो मोडून मी आज शाळेच्या फळ्याकडे वळतो आहे. त्याला कारण आहे. जामसरच्या पंचक्रोशीत फिरताना मला नागलीच्या बियाण्याबद्दल जेवढे प्रश्न विचारतात, तेवढेच आता पोरापोरींच्या पुढच्या शिक्षणाबद्दल विचारतात. बांधावर उभे राहून भातावरचा करपा दाखवता दाखवता घरधनी मध्येच म्हणतो, "भाऊसाहेब, पोर बारावी झाली. इंग्रजीची बाई व्हायचं म्हणते. काय करावं लागंल? पैसं किती लागतील?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात घरातली बैलजोडी गुंतलेली असते. कुणाच्या शेळ्या, कुणाच्या बायकोच्या अंगावरचे चांदीचे डाग. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट, पायरीपायरीने द्यायला हवे. मी शिक्षण खात्याचा माणूस नव्हे. पण गावात शिकलेला माणूस दिसला की लोक त्यालाच विचारतात, आणि विचारल्यावर माहिती करून घेणे हे आमच्या विस्ताराच्या कामातच येते.

परवाना कशासाठी?

तुम्ही कीटकनाशकाच्या दुकानात जाता. भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना पाहिला असेल. औषध कुणीही उठून विकू नये, विकणाऱ्याला त्यातले कळावे, यासाठी तो असतो. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी, पिवळा असेल तर त्याहून थोडे कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा. हे न कळणाऱ्याच्या हाती दुकान गेले तर एखाद्याचे पीक जाईल, एखाद्याचा जीव जाईल. मग ज्याच्या हाती तीस-चाळीस पोरांची पहिली चार-पाच वर्षे द्यायची, त्याला पात्रता नको काय?

ही गोष्ट आजची नाही. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला आरंभ केला तो १८४८ चा काळ. त्यांनीसुद्धा शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. पुढे आपल्याकडे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेले मास्तर आले, मग पी.टी.सी. झालेले आले, मग डी.एड. झालेले. आता त्याच डी.एड.ला डी.एल.एड. म्हणतात. नाव बदलत गेले, पायरी उंच होत गेली, पण मूळ गोष्ट तीच. आधी शिकवायला शिका, मग शिकवा.

इंग्रजीचा इतिहासही थोडा सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा इंग्रजीचे पुस्तक पाचवीत हाती येई. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पाच-सहा वर्षांच्या लेकरासमोर इंग्रजी येऊन उभी राहिली आणि तिच्याबरोबर ती शिकवणाऱ्या बाईची जबाबदारीही आली.

पायऱ्या कोणत्या?

पहिली गोष्ट मनात पक्की करा. पहिली ते पाचवीला 'इंग्रजीचा मास्तर' म्हणून वेगळी जागा सहसा नसते. वर्गाची बाई एकच. तीच मराठी शिकवते, तीच गणित, तीच परिसर अभ्यास आणि तीच इंग्रजी. म्हणून इंग्रजीपुरता वेगळा परवाना नाही. शिक्षक म्हणून जी पात्रता लागते, तिच्यातच इंग्रजी येते.

ती पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ठरवून दिली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के गुण (मागासवर्गीय उमेदवारांना ५ टक्के सवलत), त्यावर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, आणि मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे जिला सगळे टीईटी म्हणतात ती. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला इंग्रजी शिकवायची तर इंग्रजी विषय घेऊन पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड.

इथे एक धोक्याची जागा आहे. पुष्कळ घरांत म्हणतात, पोरगी बी.ए., बी.एड. झाली की कुठल्याही वर्गाला शिकवील. तसे आता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे, ते डी.एल.एड.मध्ये शिकवतात. तेव्हा लहान वर्गाला शिकवायचे की मोठ्या, हे आधी ठरवा आणि मग वाट धरा. भाताचे बियाणे आणून ज्वारीच्या रानात टाकण्यासारखे होऊ नये.

टीईटी महाराष्ट्रात २०१३ पासून होते. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. प्रश्न १५०, गुण १५०, वेळ अडीच तास. पहिल्या पेपरात पाच भाग, प्रत्येकी ३० गुणांचे : बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. आपल्या मराठी शाळांच्या पोरींची पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी. म्हणजे ३० गुण इंग्रजीचे. उत्तीर्ण व्हायला १५० पैकी ९० गुण लागतात, मागासवर्गीय उमेदवारांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आणखी एक चांगली गोष्ट. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची असे. २०२१ पासून एकदा उत्तीर्ण झाले की ते आयुष्यभर चालते.

ही परीक्षा आता किती महत्त्वाची झाली आहे, ते एका निकालावरून कळेल. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या सेवेतल्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरला आहे, त्यांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे शिकवलेले गुरुजी पुन्हा पुस्तके उघडून बसले. तेव्हा ही पायरी चुकवून पुढे जाण्याची वाट कुणी दाखवत असेल तर त्याच्या पावलावर पाऊल टाकू नका.

टीईटी झाली म्हणजे नोकरी लागली असेही नाही. ती केवळ पात्रता. नोकरीसाठी टेट नावाची दुसरी परीक्षा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिचे २०० गुण. त्या गुणांवर 'पवित्र' नावाच्या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून निवड होते. टीईटी आणि टेट ही दोन नावे कानाला सारखी लागतात, म्हणून घोटाळा होतो. पहिली म्हणजे बियाण्याची उगवणक्षमता तपासणे, दुसरी म्हणजे बाजारात भाव ठरणे, असे समजा.

खोट्या कागदाचा बाजार

आता बैलजोडीची गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका पाड्यावरची मुलगी. नाव लिहीत नाही. घरची दोन एकर वरकस जमीन आणि खाली ओहोळाकडे भाताची दोन खाचरे. नागली, वरई, थोडी खुरासणी. दिवाळी सरली की आईबाप वीटभट्टीवर जात, पोरगी आश्रमशाळेत राही. दहावी आश्रमशाळेतून, बारावी जव्हारला कला शाखेतून. गुण ५८ टक्के.

एका शहरातल्या क्लासवाल्याने तिच्या बापाला गाठले. म्हणाला, तीन महिन्यांत इंग्रजी शिक्षकाचे परदेशी प्रमाणपत्र देतो, नोकरीची हमी, चाळीस हजार भरा. सोनेरी शिक्का मारलेला नमुन्याचा कागद त्याने दाखवला. बापाने बैलजोडीचे गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवले.

आमची भाताची शेतीशाळा होती त्या दिवशी तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. मी म्हटले, "त्या माणसाला एवढेच विचारा, या कागदावर पोरीला टीईटीचा अर्ज भरता येईल काय? आणि हो म्हणाला तर तेवढे लिहून द्या म्हणा."

आठवड्याने तो परत आला. म्हणाला, "लिहून द्यायला तयार नाय तो. उद्या या, परवा या करतोय."

बैल गोठ्यात राहिले.

वाचकहो, परदेशी प्रमाणपत्रे सगळीच खोटी असतात असे मला म्हणायचे नाही. केंब्रिजसारख्या विद्यापीठाचे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र जगात मानतात. ज्याला दुसऱ्या देशात जाऊन मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची असेल त्याला ते उपयोगी पडते. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या नोकरीला त्याने पात्रता मिळत नाही. हैदराबादला १९५८ साली केंद्र सरकारने इंग्रजीच्या अध्यापनासाठी संस्था काढली, ती आज इंग्रजी व परदेशी भाषांचे विद्यापीठ म्हणून चालते. बंगळूरला १९६३ पासून दक्षिणेकडच्या शिक्षकांसाठी अशीच प्रादेशिक संस्था आहे. तिथले शिक्षणही मूळ पात्रतेच्या वरचे असते, तिच्या ऐवजी नसते. वरखत टाकायचे ते उगवलेल्या पिकाला.

आणि दलालाच्या मार्गाने टीईटी उत्तीर्ण होण्याची गोष्ट तर बोलूच नका. २०१९ च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवल्याचा प्रकार पुढे उघडकीस आला. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, अब्रू गेली आणि परीक्षेचे दार बंद झाले. कुणी "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" म्हणाला की चहा पाजून त्याला वाटेला लावा.

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. प्रवेशाची प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद चालवते. शासकीय आणि अनुदानित विद्यालयात खर्च थोडा, विनाअनुदानितमध्ये जास्त. आधी शासकीय जागेसाठी धडपड करा. जातीचा दाखला, जात वैधता, रहिवासी दाखला हे कागद बारावीच्या वर्षातच करून ठेवा. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जव्हारला आहे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची चौकशी तिथे समक्ष जाऊन करा. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत तुम्हांला सवड नसते हे मला ठाऊक आहे. पण प्रवेशाच्या तारखा नेमक्या त्याच दिवसांत येतात आणि त्या आवणीसाठी थांबत नाहीत.

तीन भाषांचे लेकरू

आता कागदाच्या पलीकडचे बोलू. पात्रता मिळाली म्हणजे शिकवता आले असे नव्हे.

सरकारी कागदात इंग्रजी ही आपल्या शाळांत दुसरी भाषा. पण जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यावर जाऊन पाहा. लेकरू घरात वारली बोलते, कोकणा बोलते, कातकरी बोलते. शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या कानावर येते ती पुस्तकातली मराठी, आणि ती त्याला अर्धीच कळते. म्हणजे खरी दुसरी भाषा मराठीच झाली. इंग्रजी तिसरी. एका भाषेचे रोप अजून रुजलेले नाही, तोच त्याच वाफ्यात दुसऱ्याचे बी पडते. मूल गप्प बसते. बाहेरून आलेल्या गुरुजींना वाटते, पोर मठ्ठ आहे. पोर मठ्ठ नसते. रानात कुठली वेल खायची आणि कुठली नाही, हे त्याला सातव्या वर्षी ठाऊक असते.

मी एका शाळेत पाहिले आहे. पोरे सुरात म्हणत होती, "आय फॉर इग्लू." मी एकाला विचारले, "बाळा, इग्लू म्हणजे काय रे?" तो भिंतीवरच्या चित्राकडे बघून म्हणाला, "पालथं टोपलं." चित्रात बर्फाचे घर होते. पोराने डोळ्यांना दिसले ते सांगितले. त्याचे काय चुकले? ज्या गावी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, तिथे बर्फाच्या घरापासून इंग्रजी सुरू करायची कशाला?

माझाच अनुभव सांगतो. मराठी शाळेतून मी दापोलीच्या कृषी महाविद्यालयात गेलो तेव्हा सगळे शिक्षण इंग्रजीत. पहिले काही महिने व्याख्यान म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, आवाज मोठा आणि अर्थ शून्य. मग एकदा प्राध्यापक भाताच्या खाचरात घेऊन गेले. चूड हातात धरून म्हणाले, "टिलर्स." मी पाहिले, अरे, हे तर फुटवे! लोंबीला म्हणाले, "पॅनिकल." आवणीला, "ट्रान्सप्लांटिंग." वस्तू माझ्या हाताला लहानपणापासून माहीत होती, केवळ तिचे दुसरे नाव शिकायचे होते. त्या दिवसापासून शब्द चिकटू लागले. शहरातल्या मुलांना शब्द आधी ठाऊक होता आणि फुटवा पहिल्यांदा दिसत होता. आमचे उलटे होते, आणि ते सोपे होते.

इंग्रजी शिकवण्याचे सगळे मर्म मला यात दिसते. आधी वस्तू, मग नाव. आधी कान, मग तोंड, मग डोळा, शेवटी हात. म्हणजे आधी ऐकणे, मग बोलणे, मग वाचणे आणि लिहिणे. आईच्या मांडीवर मूल याच क्रमाने भाषा शिकते. शाळेत मात्र आपण पहिल्या दिवशी पाटी हातात देतो.

इंग्रजीची एक अडचण बाईने नीट समजून घ्यायला हवी. आपल्या मराठीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बहुतेक पक्की असते. 'क' म्हणजे 'क'. इंग्रजीत अक्षरे २६, आणि आवाज सुमारे ४४. अक्षराचे नाव 'सी', पण मांजराच्या शब्दात त्याचा आवाज 'क' आणि शहराच्या शब्दात 'स'. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, एका वेलांटीने जहाजाची मेंढी होते. मराठी वाचायला शिकलेले मूल इथे अडखळणारच. म्हणून अक्षरांची नावे घोकून घेण्याआधी आवाज ओळखायला शिकवावेत. जिला हे कळते, ती मुलाला रागे भरत नाही.

पालघर जिल्ह्याला तर हे परक्याने येऊन सांगायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळेत मूल येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. चिंचोके, शंख-शिंपले, पाने, बिया ही त्यांची साधने. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. ती सगळी साधने इंग्रजीलाही चालतात. चिंचोका मराठीत मोजला काय आणि इंग्रजीत मोजला काय, बाजारातून विकत आणावा लागत नाही.

आणि हे केवळ आपल्याकडचे भाबडे बोलणे नव्हे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना इंग्रजीतून छोटी कामे दिली. नकाशा पाहून वाट सांगा, आगगाडीचे वेळापत्रक पाहून गाडी निवडा. काम करता करता भाषा येते, हे त्यांचे म्हणणे. जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना आज तो 'बंगळूर प्रकल्प' या नावाने शिकवतात. आपल्या शेतीशाळेचे तत्त्व हेच नाही काय? व्याख्यान कमी आणि खाचरात उतरणे जास्त.

आपल्या राज्यातही २०१६ साली शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'तेजस' नावाचा उपक्रम काही जिल्ह्यांत सुरू केला होता. त्यात शिक्षकांचे छोटे गट जमत, आपसांत इंग्रजी बोलत, वर्गातल्या अडचणी मांडत. मला त्यात आमचे शेतकरी गट दिसले. दहा जण एकत्र बसले की एकाची लाज दुसऱ्याला पाहून जाते.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

बैलजोडी वाचलेली ती मुलगी डी.एल.एड.ला लागली. दोन वर्षे झाली. टीईटीच्या पहिल्या खेपेला ७४ गुण. इंग्रजीत तीसपैकी ११. ती घरी येऊन तीन दिवस बोलली नाही. आई मला म्हणाली, "भाऊसाहेब, तिला सांगा ना, रोपं मेली तर आम्ही दुबार पेरतोच की." मी वेगळे काय सांगणार? तेच जाऊन सांगितले.

वर्षभर ती रोज एक पान मोठ्याने वाची. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात, ती पहिलीपासून आठवीपर्यंत तिने उतरवून घेतली. बियाण्याच्या पिशवीवरचा, खताच्या गोणीवरचा, औषधाच्या डब्यावरचा मजकूर ती बापाला वाचून अर्थ सांगे. बापाचा फायदा असा झाला की त्या वर्षी मुदत संपलेली औषधाची बाटली त्याने दुकानदाराच्या हातात परत ठेवली. दुसऱ्या खेपेला ८६ गुण, इंग्रजीत १९. ती पात्र ठरली.

नोकरी अजून लागलेली नाही. हे मी लपवणार नाही, कारण तुम्हांला गोड बोलून फसवणारे पुष्कळ आहेत. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी व्हायला २०२३ साल उजाडले. पाच वर्षे पोरे वाट पाहत बसली. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि २०२४ मध्ये साधारण एकवीस हजार जागांची जाहिरात निघाली. तिसरी चाचणी २०२५ मध्ये झाली. हिशेब तुम्हीच करा. अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांना काही पदे राखण्याची राज्यपालांची अधिसूचना ९ जून २०१४ ची आहे आणि त्यांत शिक्षकाचे पद आहे. पण ती बाबही न्यायालयात गेली. म्हणून प्रत्येक जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव बोलण्यावर राहू नये.

संध्याकाळी ती पाड्यावरच्या पोरांना ओट्यावर बसवते. मी एकदा थांबून पाहिले. ती म्हणाली, "ब्रिंग थ्री लीव्हज." पोरे एकमेकांकडे बघू लागली. तिने वारलीत एकदाच सांगितले. पोरे पळाली. कुणी सागाचे पान आणले, कुणी मोहाचे, एकाने आंब्याची डहाळीच मोडून आणली. मग "बिग लीफ, स्मॉल लीफ," "गिव्ह मी द बिग लीफ." दहा मिनिटांत ओटा पानांनी भरला आणि एकही पोर गप्प नव्हते. शेजारी माझ्या मोटारसायकलवर बसलेले एक चिमुरडे उतरताना मला म्हणाले, "गिव्ह मी द चॉकलेट." मी खिसे चाचपले. सुपारी निघाली, चॉकलेट नव्हते.

हे शहरातून आलेल्या उत्तम इंग्रजीवाल्या बाईला पहिल्या वर्षी जमले नसते, असे मला वाटते. तिला इंग्रजी येते, मराठी येते, पण पोराच्या घरची भाषा येत नाही. या मुलीला तिन्ही येतात. तिच्या इंग्रजीत अजून खाचखळगे आहेत, ते भरून काढता येतील. पोराच्या मनात उतरण्याची वाट मात्र दोन वर्षांच्या पदविकेत मिळत नाही. ती तिला जन्मानेच मिळाली आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातही म्हटले आहे की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे. घरची भाषा सोडून इंग्रजी येते असे नव्हे. घरच्या भाषेच्या खांद्यावर बसून ती येते.

घरच्यांनी काय करावे?

म्हणून ज्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्या घराला माझे चार शब्द.

पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : या शिक्षणावर टीईटीला बसता येते काय? उत्तर लेखी घ्या. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन विचारा.

जमीन, बैल, दुभते जनावर विकून फी भरू नका. जे विकले ते परत घेणे आपल्याला जमत नाही. आधी शासकीय जागा, मग शिष्यवृत्ती, मग वसतिगृह. तेही नाही झाले तर एक वर्ष थांबा, पण कर्जाच्या डोहात उडी मारू नका.

नोकरी लागेपर्यंत शेती सोडू देऊ नका. मोगऱ्याची पाच-पन्नास झाडे, काजू-आंब्याची वाडी, परसातला भाजीपाला हे तिच्या हाताखाली असू द्या. परीक्षेच्या अर्जाचे पैसे त्यातून निघतील आणि मनही स्थिर राहील.

घरी तिला मोठ्याने इंग्रजी वाचू द्या. चुकली म्हणून हसू नका. आपल्याला कळत नसले तरी शेजारी बसा. बापाने विडी विझवून आणि आईने सूप खाली ठेवून दहा मिनिटे ऐकले, तर पोरीला दोन क्लासांचे बळ येते.

आणि लग्नाची घाई करू नका. डी.एल.एड.ची दोन वर्षे आणि परीक्षेचे एक-दोन हंगाम, एवढा वेळ तिला द्या. नागली चार महिन्यांत हाती येते, आंब्याला पाच वर्षे लागतात. पाच वर्षांनी फळ देणार म्हणून आंबा आपण लावायचा थांबतो काय?

ही मुलगी उद्या शाळेत रुजू होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढे सांगतो की तिच्या ओट्यावरची दहा-बारा पोरे पुढच्या वर्षी शाळेत इंग्रजीचे पुस्तक उघडतील तेव्हा गप्प बसणार नाहीत. तुमच्या पाड्यावर बारावी झालेली अशी कुणी असेल, तर सवड काढून तिच्याशी बोला आणि तिचे कागद आवणीच्या आधी तयार करा.